पश्चिमेची भिंत
चंडीगडच्या सेक्टर 32 मध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. मग एसी आलाच. पण विजेचं बिल बरंचसं घराच्या नकाशावरच ठरतं. दक्षिणेच्या खिडकीला छोटा छज्जा पुरतो, कारण जूनमधला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पश्चिमेचा मात्र कलता होऊन छज्ज्याखालून आत घुसतो. तिथे बाहेरून विटांची जाळीच हवी. (आतला पडदा फसवा. काच ओलांडलेली उष्णता बहुतेक घरातच राहते.) पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू या वास्तुविशारदांनी 1950च्या दशकात या शहरातल्या सरकारी घरांना अशा जाळ्या दिल्या. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या 2018च्या ‘इको निवास संहिते’ने हेच आकड्यात बांधलं: भिंती-खिडक्यांतून शिरणारी उष्णता चौरस मीटरला सरासरी 15 वॅटच्या आत. छताचा हिशेब वेगळा. का, ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा.