स्वल्पविराम कुठे द्यायचा?

१२३४५६७ रुपये म्हणजे किती? शेवटून अंक मोजल्याशिवाय सांगता येत नाही. पायथन या भाषेत २००९ सालच्या ३.१ आवृत्तीपासून यावर उपाय आहे: छपाईच्या सूचनेत नुसता स्वल्पविराम लिहायचा. उत्तर येते १,२३४,५६७. म्हणजे दशलक्षांचा हिशेब! लाखांत विचार करणाऱ्याने याचे काय करावे? आपल्याकडे पहिला गट तीन अंकांचा, पुढचे दोन-दोनचे. जावास्क्रिप्ट इथे अधिक समंजस. तिच्या आकडे-छपाईच्या सोयीला ‘मराठी, भारत’ एवढे कळवले की ती १२,३४,५६७ छापते, तेही देवनागरी अंकांत.

दशांशांची गंमत वेगळीच. २.६७५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत छापायला सांगा; पायथन २.६८ नव्हे, २.६७ देते. दोष छपाईचा नाही. द्विमान पद्धतीत २.६७५ तंतोतंत साठवताच येत नाही. आत असते तिच्याहून किंचित लहान संख्या. म्हणून पैशांच्या हिशेबाला पायथनमधला ‘डेसिमल’ प्रकार बरा.

आणि सजावट अगदी शेवटी, छापतानाच करावी. स्वल्पविराम घातलेला आकडा पायथनच्या लेखी नुसता मजकूर असतो. त्यात १ मिळवायला गेलात की कार्यक्रम तिथेच थांबतो.