चाकांवरच्या घराला वीज जोडताना

वीज आपल्या हाती : लेखांक 14

मावळात कॅम्पर व्हॅन आता नवलाची राहिलेली नाही. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर तळेगाव दाभाडेच्या आसपास शनिवारी सकाळी उभं राहिलं, तर छतावर सोलरचं पॅनल आणि मागे सायकली बांधलेली एखादी तरी गाडी सोमाटणे फाट्यावरून पवनेकडे वळताना दिसते. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांसोबत त्या जिथे मुक्कामाला थांबतील त्या जागांचा, म्हणजे तिथल्या वीज-पाण्याचाही विचार होता. प्रत्यक्षात बहुतेक गाड्या थांबतात त्या ओळखीच्या शेतघरात नाहीतर पवनेच्या काठच्या कॅम्पवर. वीज घेतात ती तिथल्या पडवीतल्या बोर्डातून, लांबच लांब वायर ओढून.

या मंडळींचा नेहमीचा प्रश्न असतो, ‘सर्ज प्रोटेक्टर कुठला घ्यावा?’ प्रश्न रास्त आहे. अशा गाडीत लिथियम बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर, फ्रिज, कधी एसी असा लाखांचा माल असतो. पण माझं स्पष्ट मत असं, की मावळात गाडी जोडणाऱ्याने सर्ज प्रोटेक्टर तिसऱ्या क्रमांकावर ठेवावा. त्याच्या आधी दोन वस्तू घ्याव्यात. त्या कुठल्या हे कळायला या भागात व्होल्टेज का आणि कसं वाढतं, ते आधी पाहावं लागेल.

लोणावळा, वळवण, शिरवत्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरवून 1915 पासून मुंबईसाठी वीज तयार होते आहे. विजेच्या बाबतीत मावळ इतका जुना आहे. तरी शेताच्या बांधावरच्या डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, शेतघरापर्यंतचा शेवटचा टप्पा आजही बऱ्याच ठिकाणी उघड्या तारांचाच आहे. झाडांतून जाणाऱ्या, पावसाळ्यात फांद्या अंगावर घेणाऱ्या या तारा. सगळा घोळ या टप्प्यात होतो.

डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट, तर दोन फेजमध्ये सुमारे 400. आपली सगळी उपकरणं 230 वर चालतात ती न्यूट्रल जागेवर आहे म्हणून. तो तुटला, किंवा खांबावरचा त्याचा जोड गंजून सैल झाला, की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणं एकापाठोपाठ एक जोडल्यासारखी होतात आणि 400 व्होल्ट आपसात वाटून घेतात. ही वाटणी सारखी नसते. समजा एका फेजवर शेतघराचा 2000 वॉटचा गिझर चालू आहे आणि दुसऱ्या फेजवर तुमच्या गाडीतला 200 वॉटचा भार. गणित मांडलं, तर गिझरच्या वाट्याला येतात 36 व्होल्ट आणि तुमच्या गाडीच्या वाट्याला 364. गिझर नुसता कोमट होतो. गाडीतला चार्जर काही सेकंदांत फुटतो.

हे 364 व्होल्ट क्षणभर येऊन जात नाहीत. वायरमन येऊन जोड घट्ट करेपर्यंत, म्हणजे तासभर किंवा रात्रभरही, ते तसेच राहतात. सर्ज प्रोटेक्टर नेमका इथे कामाचा नाही.

त्याच्या आत काय असतं ते पाहा. दुकानात ‘स्पाइक गार्ड’ म्हणून मिळणारा एखादा एक्स्टेन्शन बोर्ड उघडलात, तर स्विचच्या मागे फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, रुपयाच्या नाण्याहून लहान, निळी किंवा पिवळी चकती डाखवलेली दिसेल. तिला व्हेरिस्टर म्हणतात. स्वस्तातल्या काही बोर्डांत तीही नसते, फक्त लाल दिवा आणि फ्यूज. ही चकती झिंक ऑक्साइडची. ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत ती जवळजवळ काहीच प्रवाह जाऊ देत नाही, त्यापुढे एकदम वाट मोकळी करते. जवळपास कुठे वीज कोसळली की तारांवर हजारो व्होल्टची लाट उठते, पण ती टिकते मायक्रोसेकंदांत. तेवढ्या वेळात चकती हजारो अँपिअर अंगावरून जाऊ देते आणि पुन्हा मिटते. मात्र तिच्यावर 364 व्होल्ट सलग राहिले, तर ती तापते, काळी पडते, जळते. चांगल्या बनावटीच्या यंत्रात आतला डाखाचा बारीक जोड वितळून ती वेगळी होते, खिडकीतली हिरवी पट्टी लाल होते आणि तिचं काम संपतं. वाढलेलं व्होल्टेज मात्र गाडीत तसंच येत राहतं.

म्हणून पहिली खरेदी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टरची. एमसीबीच्या पट्टीवर बसणारी ही छोटी डबी असते, समोर व्होल्टेजचा आकडा दाखवणारी. आपल्याकडे 230 च्या दहा टक्के वरखाली, म्हणजे 207 ते 253 हे चालण्यासारखं व्होल्टेज. डबीची वरची मर्यादा 265 ते 270 वर आणि खालची 180 च्या आसपास लावावी. व्होल्टेज त्याबाहेर गेलं की आतला रिले अर्ध्या-एक सेकंदात गाडीची वीज तोडतो आणि पुरवठा सुधारला की थोडं थांबून परत जोडतो. हे थांबणं एसी आणि फ्रिज असलेल्या गाडीत तीन ते पाच मिनिटांचं ठेवा. कॉम्प्रेसर बंद होऊन लगेच चालू झाला तर दाब उतरायला वेळ मिळत नाही आणि मोटर अडकते. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळीकडचे पंप आणि एसी एकदम चालू असताना व्होल्टेज 180 च्याही खाली घसरतं, तेव्हाही हीच डबी उपयोगी पडते.

दुसरी वस्तू आरसीसीबी, म्हणजे जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत फरक पडला की वीज तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरचा. ही उपकरणांसाठी नाही, माणसांसाठी आहे. गेल्या आठवड्यात घरच्या अर्थिंगबद्दल लिहिलं होतं. गाडीला तर स्वतःचं अर्थिंग नसतंच. ती रबरी टायरांवर उभी असते आणि तिचा पत्रा शेतघराच्या बोर्डातल्या तिसऱ्या पिनच्या भरवशावर असतो. मावळात वर थोडी माती किंवा मुरूम आणि खाली काळा बेसाल्ट. या खडकात अर्थिंगचा खड्डा नीट खोल जात नाही आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. त्याचा रोध 100 ओहम भरला, तर फेज पत्र्याला लागल्यावर फार तर 2.3 अँपिअर वाहतात. 16 अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही. पत्र्यात वीज तशीच राहील आणि ओल्या गवतात अनवाणी उभं राहून दार उघडणारं मूल ती हातात घेईल. आरसीसीबीला 2.3 अँपिअर म्हणजे फार झाले. तो त्याच्या कितीतरी आधी, सेकंदाच्या अंशात पडतो. अर्थिंग अजिबातच नसलं तरी माणसाच्या अंगातून प्रवाह वाहू लागताच तो तोडतो. गाडीत इलेक्ट्रॉनिक उपकरणं असल्याने तो ‘टाइप ए’ घ्यावा आणि प्रत्येक मुक्कामावर त्याचं टेस्टचं बटण एकदा दाबावं.

एक धोका मात्र आरसीसीबीच्याही नजरेतून सुटतो. खेडोपाडी अर्थिंग नसलं की काही कारागीर बोर्डातच न्यूट्रलवरून तार घेऊन ती अर्थच्या पिनेला जोडतात. अशा बोर्डाच्या मागे न्यूट्रल तुटला, तर फेज तुमच्या उपकरणातून न्यूट्रलवर आणि तिथून अर्थच्या तारेने थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. आरसीसीबीला जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच दिसतो, त्यामुळे तो स्वस्थ राहतो. तो पडला तरी अर्थची तार तो तोडत नाही.

हे ओळखता येतं. मल्टिमीटर घ्या आणि त्याच बोर्डावर किटली किंवा इस्त्री चालू करायला सांगा. भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एखाद-दोन व्होल्ट दिसायला हवेत, कारण भाराचा प्रवाह न्यूट्रलच्या लांब तारेतून जाताना तेवढं व्होल्टेज पडतं. किटली चालू असूनही आकडा शून्यावर चिकटून राहिला, तर दोन्ही पिना जवळच कुठेतरी एकत्र बांधल्या आहेत असं समजा. त्या बोर्डाला गाडी लावू नका, बॅटरीवर रात्र काढा. उलट आकडा दहा-वीस व्होल्टच्या वर असेल, तर न्यूट्रल किंवा अर्थिंग यांपैकी काहीतरी सैल आहे. फेज आणि अर्थमध्ये 228 दिसले म्हणून अर्थिंग उत्तम, असंही मानू नका. मीटर इतका कमी प्रवाह घेतो, की कोरड्या खड्ड्यावरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

आता मूळ प्रश्न, सर्ज प्रोटेक्टर. गाडीत पट्टीवर बसणारा, ‘टाइप 2’ असा शिक्का असलेला घ्या. त्यावर 8/20 असं लिहून पुढे किलोअँपिअरचा आकडा असतो, तो 10 ते 20 असला तरी पुरे. सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे तो सलग किती व्होल्टेज सोसतो. बाजारात 275, 320 आणि 385 व्होल्टचे मिळतात. शहरातल्या फ्लॅटला 275 किंवा 320 योग्य. न्यूट्रल तुटण्याची भीती असलेल्या ओळीवर मी 385 घेईन. वर मांडलेल्या उदाहरणातले 364 व्होल्ट तो न जळता सोसतो आणि तोवर रिले गाडीची वीज तोडतो. बदल्यात तो थोडी जास्त लाट आत सोडतो, साधारण 1.8 किलोव्होल्टपर्यंत. घरगुती उपकरणं अडीच किलोव्होल्टची लाट सोसतील अशी बनवण्याचा दंडक आहे, तेव्हा हे चालण्यासारखं आहे. अर्थिंग जेमतेम असलेल्या जागी ‘1+1’ जोडणीचा प्रकार मागा. त्यात न्यूट्रल आणि अर्थमध्ये वायूची नळी असते आणि मुख्य लाट फेजवरून न्यूट्रलवरच परतवली जाते. सर्ज प्रोटेक्टर गाडीतल्या स्विचच्या डब्यात सर्वांत पुढे, स्वतःच्या फ्यूजसह बसवावा, मग व्होल्टेजचा रिले, मग आरसीसीबी.

त्याच्या जोडणीच्या तारा आखूड हव्यात, दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत. विजेची लाट इतकी वेगाने चढते, की सरळ तांब्याच्या एक मीटर तारेवरही सुमारे एक किलोव्होल्ट जमतो. नीटनेटकं दिसावं म्हणून तारांना वळसे देऊन पट्ट्याने बांधणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांचं काम देखणं असतं, पण महागड्या यंत्राचा निम्मा उपयोग त्या वळशांत जातो.

परदेशी वस्तूंबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. इंटरनेटवर कॅम्परसाठी म्हणून ‘30 अँप’ आणि ‘50 अँप’चे जे ठोकळेबाज पिवळे-काळे प्रोटेक्टर दिसतात, ते अमेरिकेतले, 120 व्होल्टचे. नातेवाइकांकडून मागवून आपल्या 230 वर लावले तर आतले व्हेरिस्टर लगेच जळतील, आगही लागू शकते. युरोपातलं सामान व्होल्टेजला जुळतं, फक्त तिकडच्या कॅम्पवरचा निळा गोल प्लग आपल्या बोर्डात बसत नाही.

वायर तीन कोरची, 2.5 चौरस मिलिमीटरची, तांब्याची घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेली वायर एसीच्या भाराने आतून तापत वितळते. मंडपवाल्याकडची दोन कोरची वायर गाडीला कधीही लावू नका, तिच्यात अर्थ नसतोच. कॅम्पवरचा जनरेटर असेल तर जास्त सावध राहा. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अनेकदा कशालाच बांधलेला नसतो, त्यामुळे आरसीसीबीचा भरवसा धरता येत नाही, आणि भार बदलला की व्होल्टेज वरखाली होतं.

राहिला वळीव. मावळात ऐन जुलैत लोणावळ्याला कितीही कोसळला तरी गडगडाट कमी. विजा जास्त असतात त्या एप्रिल-मेच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. थेट जवळ पडलेल्या विजेपुढे कुठलाही प्रोटेक्टर टिकत नाही. तेव्हा दुपारी ढग दाटायला लागले की प्लग बोर्डातून काढा आणि वायर गाडीपासून लांब ठेवा. गाडीत बॅटरी आहे, तासा-दोन तासांची सोय सहज होते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र प्लगला हात लावायला बाहेर पडू नका. पत्र्याच्या बंद गाडीत माणूस सुरक्षित असतो, शेजारच्या तंबूत नाही. तंबूतल्या मंडळींना आत बोलावून घ्या.

पवनेच्या काठी आणि तळेगाव-वडगाव परिसरात कॅम्प चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. येणाऱ्या गाड्यांसाठी एक स्वतंत्र 16 अँपिअरचा बोर्ड बसवा. त्याला पावसापासून आडोसा, स्वतःचा एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरं अर्थिंग द्या. खड्डा खडकात जात नसेल तर ओढ्याच्या अंगाला, ओल राहते तिथे घ्या. परवानाधारक वायरमनकडून उन्हाळ्यात एकदा आणि दिवाळीआधी एकदा त्याचा रोध मोजून घ्या आणि तो आकडा तारखेसह बोर्डावरच लिहून ठेवा. गाडी जोडायला येणाऱ्याने आधी तो आकडा वाचावा, मग प्लग लावावा.