राजा नसलेला किन्हीराजा

नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे एखादे संस्थान उभे राहील; पण किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्याचे साधे शेतकरी गाव! भोवताली अजिंठ्याच्या डोंगररांगा. त्यांतच काटेपूर्णेचे सागवानी रान, १९८८ पासूनचे अभयारण्य.

लहानपणी नागपूरहून आजोळी जाताना आमची एस.टी. इथे थांबायची. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचा समृद्धी महामार्ग खुला झाला. यंदा मी मुद्दाम जुन्याच रस्त्याने गेलो.

चहावाले काका म्हणाले, "आता गाड्या तिकूनच जातेत, बाप्पा!"

"मग गावाचे काय?" मी विचारले.

"गाव कुठी जाते? सोयाबीन निघालं, तूर उभी हाय."

चहाचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. राजा मला तिथे भेटला!