पाणी फिरलं, आजी!

बाळकुमहून कशेळीच्या पुलावर आलं की खाली खाडी दिसते. ओहोटीच्या वेळी चिखलाचा वास येतो आणि मला माझी दादी आठवते.

१९७९ सालची दिवाळीची सुट्टी. आमचं मूळ गाव सावित्रीच्या खाडीवर, म्हाप्रळच्या बाजूला. दादीचे गुडघे धरले होते. ‘मला एकदा सवच्या कुंडावर न्या,’ असा तिने धोशाच लावला होता. सव म्हणजे महाडजवळचं, सावित्रीकाठचं गाव. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. एसटीचे धक्के तिला सोसणार नव्हते, म्हणून अब्बांनी होडी ठरवली. दादी, अम्मी, आम्ही चार भावंडं आणि डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, सुका जवळा.

या वाटेने जाणारे आम्ही काही पहिले नव्हतो. १७७१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला जेम्स फोर्ब्स प्रकृतीसाठी बाणकोटहून याच खाडीने दासगावजवळच्या गरम झऱ्यांवर गेला होता. १८१३ च्या आपल्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या ग्रंथात त्याने ते लिहून ठेवलं आहे.

खाडीत मनगटावरचं घड्याळ चालत नाही. पाणी साधारण सहा तास चढतं, सहा तास उतरतं. भरतीबरोबर होडी आत न्यायची आणि ओहोटीबरोबर परत आणायची.

हे झरे तापतात कसे? कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवला. पण जमिनीत खोल जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. आपल्या वज्रेश्वरी-अकलोलीपासून थेट राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे या गावांच्या नावांतच ‘ऊन’ आहे. या पाण्याने आजार बरा होतो असं नाही, पण ऊब मिळाली की आखडलेले सांधे सैल होतात.

दादी पाय सोडून बसली. शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या. दोघींनी आधी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली, नाव-गाव नंतर. तेवढ्यात तांडेलाने हाक दिली, ‘आजी, पाणी फिरलं!’

‘थांब रे बाबा, आत्ता कुठे पाय मोकळे होतायत,’ दादी म्हणाली. तिला उठवायला कुणाचंच मन होईना.

व्हायचं तेच झालं. अर्ध्या वाटेत होडी गाळात बसली. पुढची भरती येईपर्यंत काळोखात, डास मारत बसलो. अब्बा धुसफुसत होते. दादी शांतपणे म्हणाली, ‘रागावू नकोस. खाडीचं पाणी परत येईल. ते पाणी मला पुन्हा कुठलं मिळायला?’

पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

आता तिथे गाडीने जाता येतं. मध्यंतरी मुलीला घेऊन गेलो. पाणी तसंच वर येत होतं. त्याला ना भरती, ना ओहोटी. पाय सोडून बसलो तशी मुलीने विचारलं, ‘अब्बा, किती वेळ थांबायचं?’

म्हटलं, ‘बस. आज आपल्याला कुणी हाक मारणार नाही.’

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)