साल काढली आणि संत्रं बुडालं!

एक संत्रं घ्या आणि बादलीभर पाण्यात सोडा. तरंगलं ना? आता ते सोला, पांढरे धागेही काढून टाका आणि पुन्हा पाण्यात सोडा. चक्क तळाशी जातं! सालीचं ओझं गेलं, संत्रं हलकं झालं, तरी बुडालं. म्हणजे ‘जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं’ हे आपलं पाठ झालेलं उत्तर इथे चालत नाही.

वस्तूचं वजन किती, एवढंच विचारून भागत नाही. ते वजन किती जागेत मावलंय, हेही विचारावं लागतं. हीच घनता. एक घन सेंटिमीटर पाणी भरतं 1 ग्रॅम. तेवढाच बर्फ सुमारे 0.92 ग्रॅम आणि लोखंड जवळपास 7.9 ग्रॅम. पाण्याहून घनता कमी असली की वस्तू तरंगते, जास्त असली की बुडते. संत्र्याच्या सालीत हवेचे बारीक कप्पे असतात. ते जागा अडवतात, पण वजन वाढवत नाहीत. पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा बांधतात ना, अगदी तसंच!

पण वर ढकलतं कोण? पाणीच! वस्तू पाण्यात शिरली की थोडं पाणी बाजूला सारते. त्या सरलेल्या पाण्याचं जेवढं वजन, तेवढ्या जोराने पाणी तिला वर रेटतं. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आर्किमिडीजने हे ओळखलं.

आता गंमत बघा. लाकूड तरंगतंच, असं वाटतं ना? आजीच्या डब्यात रक्तचंदनाची बाहुली असेल, तर तिला विचारून ती पाण्यात सोडा. अस्सल रक्तचंदन पाण्याहून घन असतं, ते बुडतं. आणि दगड? टाचा घासायचा प्युमिस नावाचा खडबडीत दगड तरंगतो! ज्वालामुखीतून उसळलेला, वायूने फसफसणारा लाव्हा झटकन थिजला की तो तयार होतो. वायूचे बुडबुडे आत तसेच अडकून राहतात. 1883 साली इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला, तेव्हा असे दगड हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. केवढा हा प्रवास, तोही दगडांचा! छिद्रांत हळूहळू पाणी शिरलं, की मात्र हेही दगड बुडतात.

लोखंडी जहाजाचं गुपित आता तुम्हीच ओळखलं असेल. त्याच्या पोटात भरपूर हवा असते, त्यामुळे अख्ख्या जहाजाची घनता पाण्याहून कमी भरते.

लोखंडाचा भरीव खिळा मात्र पाण्यात बुडतो. पण पाऱ्यात टाकला तर? पाऱ्याची घनता 13.6, म्हणून तिथे तोच खिळा तरंगतो! पारा विषारी असतो, त्यामुळे हा प्रयोग घरी अजिबात करू नका. संत्र्याचा मात्र आजच करा.