एकच कॉम्प्युटर, पण प्रत्येकाची किल्ली वेगळी

बहुतेक घरांत कॉम्प्युटर एकच असतो, आमच्याकडेही तसंच. अब्बांचे पेन्शनचे कागद, मुलीचे कॉलेजचे फॉर्म, आमच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्यातच. लिनक्सवर तिघांची वेगळी खाती उघडली आणि आम्ही निर्धास्त झालो. मग मुलीनेच पेन ड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू करून दाखवलं. सगळ्यांच्या फाईली समोर, पासवर्ड कुणी विचारलाच नाही!

खात्याचा पासवर्ड म्हणजे दारावरचा पहारेकरी. घरातली सिस्टीम चालूच नसेल तर तो अडवणार कसा? म्हणून फाईलीच एन्क्रिप्ट कराव्या लागतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून ठेवायच्या.

इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय असतो, त्याला लक्स म्हणतात. लॅपटॉप चोरीला गेला तर तो कामाचा. लक्स-2 मध्ये एका डिस्कला 32 पर्यंत पासवर्ड देता येतात. गैरसमज होतो तो इथेच. पासवर्ड कितीही असोत, कुलूप एकच, आणि ते उघडलं की सगळ्यांचंच उघडलं.

प्रत्येकाचं वेगळं कुलूप हवं तर फोल्डर एन्क्रिप्ट करा. उबुंटूच्या इन्स्टॉलरमधून होम फोल्डरचा तसा पर्याय 18.04 पासून निघाला, म्हणून आम्ही 'गोक्रिप्टएफएस' घेतलं. प्रत्येकाने आपापल्या खात्यात दोन रिकामे फोल्डर करायचे. एकात एन्क्रिप्ट केलेल्या फाईली राहतात, नावंसुद्धा वाचता येत नाहीत. पासवर्ड दिला की दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याच फाईली नेहमीसारख्या दिसतात. नव्या फाईलीही याच दुसऱ्यात ठेवायच्या, पहिल्याला हात लावायचा नाही. काम झालं की फोल्डर बंद. बॅकअप मात्र पहिल्याचा घ्यायचा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. तुमचा फोल्डर उघडा असेपर्यंत ज्याच्याकडे सुडोचा अधिकार आहे, तो मनात आणलं तर वाचू शकतो. आमच्या घरात तो अधिकार आमच्याकडे आहे, हे मुलीला आधीच सांगून टाकलं. ती आता उठताना फोल्डर बंद करूनच उठते.

पासवर्ड विसरलात तर 'फर्गॉट पासवर्ड'चं बटण इथे नाही. फोल्डर तयार करताना स्क्रीनवर एक लांबलचक मास्टर की येते, ती कागदावर उतरवून घ्या. अब्बांची की त्यांच्या लोखंडी पेटीत आहे, रेशन कार्डाच्या खाली.