आवाज मोठा, पण शब्द कुठे?

एप्रिल महिना लागला की डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात आवाजाचा हंगाम सुरू होतो. विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा, पाड्यापाड्यांतली लग्ने आणि हळदी, बँजो पार्ट्या, आणि आपल्या वस्त्यांतली १४ एप्रिलची जयंती. सगळे एकाच उन्हाळ्यात येते. टेम्पोवर माणसाच्या उंचीच्या पेट्या चढतात. वापी-उंबरगावच्या कंपन्यांत दिवसपाळी करून आलेली, फुग्याच्या कारखान्यात राबणारी आपलीच मुले रात्री या पेट्या खांद्यावरून उतरवतात. चार जणांनी वर्गणी काढून, कर्ज काढून साऊंडचा धंदा उभा केलेला असतो. छातीत धडधडेल असा आवाज निघाला की मंडळाला वाटते, कार्यक्रम जोरात झाला.

पण कार्यक्रम संपल्यावर मंडपाच्या शेवटच्या रांगेतल्या आयाबायांना एक प्रश्न विचारून पाहा. पाहुणे काय बोलले? गायकाने कोणत्या प्रसंगावर गाणे म्हटले? बहुतेकदा उत्तर येते, "आवाज लई होता, पण काय कळलं नाही." हजारो रुपये भाड्यात गेले, मजुरी बुडवून माणसे बसली, आणि ज्या शब्दांसाठी बसली ते शब्दच पोहोचले नाहीत. हे नुकसान कोणी मोजत नाही. आम्हाला या लेखात तेच मोजायचे आहे. त्यावर उपाय ठरू शकणाऱ्या एका छोट्या यंत्राची ओळखही करून द्यायची आहे. साऊंडवाले त्याला प्रोसेसर, मॅनेजमेंट किंवा नुसते क्रॉसओव्हर म्हणतात.

शब्द हरवतात कुठे?

आवाज म्हणजे हवेची कंपने. एका सेकंदात किती कंपने, ते हर्ट्झमध्ये मोजतात. ढोलाचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. माणसाच्या बोलण्यातले आ, ई, ओ हे स्वर मधल्या पट्टीत असतात. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. स, श, च, त, ख यांची धार साधारण १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्टीत आणि त्याहीवर असते, आणि तिचा जोर फार थोडा असतो. बेस वाढवला की घुमारा वाढतो, ही धार बुडते. मग "शाळा सोडू नका" हे वाक्य मागच्या रांगेत "आळा ओऊ आ" असे पोहोचते.

दुसरा चोर म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पेटीपासून २ मीटरवर ११० डेसिबल असेल, तर ४ मीटरवर १०४, ८ मीटरवर ९८, १६ मीटरवर ९२ आणि ३२ मीटरवर ८६. म्हणजे पुढच्या पोरांचे कान फुटतात आणि मागे बसलेली म्हातारी कानाला हात लावून ऐकते.

आपल्या शेजारच्या वारली बांधवांचा तारपा पाहा. त्याला ना वीज लागते, ना पेटी. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारे फेर धरतात, त्यामुळे प्रत्येक जण त्याच्यापासून काही पावलांवरच असतो. अंतराचा प्रश्न त्यांनी फेर धरूनच सोडवला. सभेला मात्र फेर धरता येत नाही. आणि या मातीत सभेला मोठा मान आहे. १९४५ च्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. बोललेला शब्द ऐकू आला, समजला, तरच माणूस उठतो.

चार कामांची पेटी

प्रोसेसर दिसायला साधा असतो. व्हीसीआरसारखी चपटी पेटी, पुढे छोटा पडदा, चार-दोन बटणे, मागे वायरी. त्याची जागा मिक्सर आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये. मिक्सरमधून आलेला आवाज तो आकड्यांत बदलतो. सेकंदाला ४८ हजार वेळा, काही यंत्रांत ९६ हजार वेळा आवाजाचे माप घेतो, त्या आकड्यांवर हिशेब करतो आणि पुन्हा आवाज करून अँपकडे पाठवतो. अशी यंत्रे १९९० च्या दशकात मोठ्या गायकांच्या दौऱ्यांत वापरात आली. बीएसएसचे ऑम्निड्राइव्ह, एक्सटीए, डीबीएक्सचे ड्राइव्हरॅक ही नावे तेव्हाची. पुढे स्वस्त यंत्रे आली. आज काही हजार रुपयांपासून लाखांपर्यंत ती मिळतात. आपल्याकडची मुले डहाणू लोकल पकडून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोडवर चौकशी करतात.

या पेटीची कामे मुख्यतः चार.

पहिले काम वाटणीचे. १८ इंची बेसला खालचा आवाज, मधल्या स्पीकरला मधला, हॉर्नला वरचा. घरात जसे ज्याचे काम त्याला नेमून देतात तसे. बेससाठीचा जड आवाज नाजूक हॉर्नकडे गेला तर हॉर्न फुटतो. ही वाटणी जिथे होते, तिथे दोन्हीकडचा आवाज नीट जुळावा यासाठी लिंकविट्झ आणि रायली या दोन अभियंत्यांनी १९७६ साली सुचवलेली पद्धत आजही बहुतेक यंत्रांत असते. पडद्यावर तिचे नाव 'एलआर २४' असे दिसते. बेसच्याही खाली, साधारण ३० ते ३५ हर्ट्झखालचा आवाज कापून टाकावा. तो कानाला फारसा कळत नाही, पण स्पीकरचा कागद मात्र उगाच बाहेर फेकतो.

दुसरे काम तोल साधण्याचे, म्हणजे इक्वलायझर. जो सूर घुमतो, जिथे माइक शिट्टी मारतो, तेवढाच बारीक भाग खाली घ्यायचा. शिट्टीवर पहिला उपाय मात्र यंत्राचा नाही. माइक पेट्यांच्या मागे ठेवा आणि वक्त्याने तो तोंडाजवळ धरावा.

तिसरे काम थांबवण्याचे, म्हणजे डिले. चौथे काम लगाम घालण्याचे, म्हणजे लिमिटर. या दोन्हींत आपला पैसा आणि आपली इज्जत अडकलेली आहे. म्हणून ती जरा सविस्तर पाहू.

मागच्या रांगेसाठी थोडा उशीर

मंडप लांब असेल तर पुढच्या पेट्यांचा आवाज वाढवणे हा उपाय नव्हे. १० डेसिबल वाढवायला दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा मंडपाच्या मध्यावर दोन छोट्या पेट्या लावाव्यात. पण त्या नुसत्या जोडल्या की नवीच अडचण येते. वायरीतून आवाज तत्काळ पोहोचतो, हवेतून मात्र तो रमतगमत येतो. डहाणूच्या उन्हाळ्यात, ३० अंश तापमानात, आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. म्हणजे पुढच्या पेटीचा आवाज ३५ मीटरवर यायला सेकंदाचा दहावा भाग, १०० मिलिसेकंद लागतात. मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून चिखल होतो.

प्रोसेसरमध्ये मागच्या पेट्यांना तेवढाच उशीर द्यायचा. हिशेब सोपा आहे. एका मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद. पावलांनी किंवा फितीने अंतर मोजा, गुणाकार करा, आकडा भरा. त्यावर आणखी १० मिलिसेकंद टाकले तर गंमत होते. आवाज जवळच्या पेटीतून येत असला तरी ऐकणाऱ्याला वाटते की वक्ता समोरच्या स्टेजवरूनच बोलतो आहे. जो आवाज आधी पोहोचतो त्याच्या दिशेला मन धावते. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. त्यामुळे शेवटच्या रांगेतला माणूसही सभेत बसल्यासारखा बसतो, सभेबाहेर उभा असल्यासारखा नाही.

कॉइल का जळते?

हंगामात धंदा बुडवणारी गोष्ट म्हणजे जळालेली कॉइल. स्पीकरच्या पोटात तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तिला मिळणाऱ्या विजेचा फार थोडा भाग आवाज होतो, उरलेली सगळी उष्णता होते. वरातीत "अजून वाढव, अजून वाढव" म्हणून चार तास पेटी रेटली की चिकटवण वितळते, तार सुटते, वास येतो आणि रात्रीची कमाई दुरुस्तीत जाते.

लिमिटर म्हणजे याला घातलेला लगाम. ठरलेल्या रेषेपुढे तो आवाज जाऊच देत नाही. रेषा कुठे आखायची, याचा हिशेब दहावीच्या मुलाला जमेल. स्पीकरची सततची वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करा, त्याचे वर्गमूळ काढा. ४५० वॅट, ८ ओहमचा स्पीकर असेल तर गुणाकार ३६००, वर्गमूळ ६०. म्हणजे अँपमधून ६० व्होल्टपेक्षा जास्त सतत जाता कामा नये. अँप जर आवाज ४० पट वाढवत असेल, तर ६० भागिले ४०, म्हणजे प्रोसेसरचा लिमिटर १.५ व्होल्टवर. अँपचे बटण पूर्ण उघडे धरूनच हा हिशेब करावा. तसेच स्पीकरवर मोठ्या अक्षरांत छापलेली पीक वॅट धरू नये, सततची वॅट धरावी. तीही थोडी कमीच धरली तर बरे.

एक गोष्ट मात्र लिमिटरलाही जमत नाही. मिक्सरवरच लाल दिवा लागून आवाज फाटला असेल, तर पुढे कोणतेही यंत्र तो शिवू शकत नाही. लाल दिवा दिसला की आधी मिक्सर खाली घ्यावा.

कान आणि कायदा

कॉइल बदलता येते, कान बदलता येत नाहीत. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या 'नायोश' या सरकारी संस्थेने मर्यादा सांगितली आहे. ८५ डेसिबल ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. आता विचार करा, टेम्पोवर पेटीला टेकून रात्रभर उभी असलेली आपली मुले कुठल्या आकड्यात आहेत? कारखान्यात आवाजासाठी कानात बोळे मागणे हा आपला हक्क आहे. मग स्वतःच्या धंद्यात ते घालायला लाज का? आणि लहान लेकरांना घेऊन पेटीसमोर उभे राहू नये, हे घरातल्या बायकांनीच बजावावे.

कायदाही माहीत असावा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत बंदी आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते. ते दिवस कोणते, ही यादी दरवर्षी पाहून घ्यावी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल त्यापुढे जाऊ नये. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रात्री जमीन थंड झाली की आवाज खाली वाकून दूरवर जातो, म्हणून पलीकडच्या पाड्यातल्या आजाऱ्यालाही तो छळतो.

२३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ला-चुनाभट्टीच्या रहिवाशांच्या प्रकरणात निकाल दिला. लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, असे न्यायालयाने सांगितले. ठरावीक डेसिबलवर आपोआप थांबेल अशी व्यवस्था आवाजाच्या यंत्रांतच बसवण्याचा विचार सरकारने करावा, असेही म्हटले. म्हणजे लगाम आज आपण आपल्या हाताने घातला नाही, तर उद्या तो बाहेरून येईल.

कुलूप कोणाच्या हातात?

आता मुख्य गोष्ट. बहुतेक प्रोसेसरना आकड्यांचे कुलूप लावता येते. विकणारा यंत्र बसवून देतो, सेटिंग भरतो, कुलूप लावतो आणि निघून जातो. पुढे पेटी बदलली, मंडप बदलला, तरी सेटिंग तेच. काही बिघडले की पुन्हा त्यालाच बोलवा, पुन्हा पैसे द्या. पेट्या उचलायच्या आपण, कर्ज फेडायचे आपण, आणि अक्कल मात्र दुसऱ्याच्या खिशात! ही जुनीच वाटणी आहे, आणि आपल्या मुलांनी ती मान्य करू नये.

आमची सूचना साधी आहे. प्रोसेसर घेताना कुलपाचा आकडा मागून घ्या. प्रत्येक सेटिंग एका वहीत लिहून ठेवा, कोणत्या पेटीला कोणती वाटणी, किती उशीर, किती लगाम. कार्यक्रमाआधी एकाने माइकवर वर्तमानपत्र वाचावे आणि दुसऱ्याने शेवटच्या रांगेत बसून ऐकलेले लिहावे. दहा वाक्यांतली नऊ बरोबर आली तर साऊंड चांगला, मग छाती धडधडो वा न धडधडो. विहाराच्या कमिटीनेही ही वही ठेवावी. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली एखादी मुलगी वस्तीत असेल तर तिलाच त्या बटणांसमोर बसवावे. पेटी उचलायला ताकद लागते, ती लावायला हिशेब लागतो, आणि हिशेबात आपल्या मुली मागे नाहीत.

या वर्षीच्या जयंतीला मंडळाने साऊंडवाल्याला "किती वॅट आहे?" असे विचारण्याआधी "शेवटच्या रांगेत शब्द कळेल का?" असे विचारावे. आणि त्याचे उत्तर शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईकडूनच घ्यावे.